कोणाच्या घरचा भूगोल

मी तेव्हा पंचविशीत होतो आणि मला सगळं कळतं, याबद्दल माझी पक्की खात्री होती. उंद्रीच्या शेतकऱ्याचा मुलगा. पण चार वर्षं नागपूरच्या कॉलेजात काढून आलो होतो आणि मेहकर तहसिलीतल्या एका मोठ्या गावी इंग्रजी शाळेत भूगोल शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे काय, तर मॅट्रिकच्या पाच मुलांकडून लँकेशायरच्या गिरण्या घोकून घेत होतो. आपल्या बापाचा कापूस बाजारातून पुढं कुठं जातो, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. मलाही आलं नसतं, पण मला कोणी विचारत नव्हतं.

मग भाद्रपदात अमरावतीहून इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले आणि त्यांनी तसलंच विचारलं. इथल्या विहिरींचं पाणी कधीपर्यंत पुरतं? पाचही मुलं आढ्याकडे बघायला लागली. साहेब आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. चहा घेता घेता मला म्हणाले, "होळीनंतर मी पुन्हा येईन. तोवर प्रत्येक मुलानं आपल्या मुलखावर एक निबंध लिहायचा आणि माहिती कुठून मिळवली ते खाली नोंदवायचं. पाठ्यपुस्तक त्यात चालणार नाही. हे जमलं नाही, तर या शाळेत मॅट्रिकला भूगोल ठेवू नये, असं मला लिहावं लागेल."

भूगोल गेला असता तर मला खालच्या वर्गांना पाढे शिकवायला बसवलं असतं, हे उघड होतं. पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त झोंबलं ते हे, की माणूस बरोबर बोलत होता.

गावात एक वाचनालय होतं. मारुतीच्या देवळामागं दोन खोल्या आणि पुस्तकांची सहा कपाटं. ते सांभाळणारे म्हातारे गृहस्थ मराठी शाळेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना काका म्हणत. मी त्यांना म्हटलं, भूगोलाची पुस्तकं दाखवा.

"कोनाच्या घरची पायजेत?" काकांनी विचारलं.

तिथली रीतच तशी होती. पुस्तकं विषयानं लावलेलीच नव्हती. ज्या घराण्यानं दिली, त्या घराण्याचा एक कप्पा. आत पहिल्या पानावर देणाऱ्याचं नाव. ज्ञानेश्वरीशेजारी घोड्यांचे रोग, त्याशेजारी रेल्वेचं वेळापत्रक, कारण तिन्ही एकाच आजोबांच्या पेटीतून निघालेली. नोंदवहीत पुस्तकांची नावंसुद्धा नाहीत; अमुक घरचे ग्रंथ अकरा, तमुक घरचे सतरा, एवढंच. मी संतापलो. पाच मुलांनी या अडगळीत भूगोल शोधायचा कसा? काका शांतपणे म्हणाले, "हळूहळू पाहा ना मास्तर. सापडते."

हळूहळू हा शब्द मला त्या वयात सोसत नसे. काका मुलीकडे चिखलीला गेलेले पाहून, त्यांच्या घरून किल्ली मागून घेऊन, मी एका रविवारी पाचही मुलांना कामाला लावलं. सगळी पुस्तकं खाली काढली. धर्म, शेती, इतिहास, भूगोल, असे विषय पाडले आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर खळीनं विषयाची चिठ्ठी डकवली. चिठ्ठीला जागा हवी म्हणून ती नेमकी देणाऱ्याच्या नावावर बसली. आमचा जानेफळचा विद्यार्थी, पाचांतला सगळ्यात अबोल, एकदाच म्हणाला, "सर, नाव झाकून राह्यलं." मी म्हटलं, नावाला काय चाटायचंय.

भूगोलाच्या कप्प्यात शेवटी नऊ पुस्तकं जमली. त्यांतली चार इंग्लंडच्या हवापाण्यावर. तरी मी खूश होतो.

हे सगळं केलं दसऱ्याच्या चार दिवस आधी, आणि दसऱ्याला त्या वाचनालयात काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी एकेक घर तिथं येतं, आपल्या कप्प्यावर हळदीकुंकू वाहतं, झेंडूचं फूल ठेवतं आणि मग सोनं वाटायला जातं. मी पोचलो तेव्हा खोलीत तीसेक माणसं ताटं घेऊन उभी होती आणि फूल कुठं ठेवायचं ते कोणालाच कळत नव्हतं. कोणी आरडाओरडा केला नाही. ते जास्त वाईट होतं.

नदीकाठच्या मळ्यातली एक बाई, पन्नाशीची, पुढं आली. तिचं सगळं घर भाजीपाला पिकवणारं. मला म्हणाली, "मास्तर, आमच्या मामंजीची पुस्तकं कुठी ठेवली तुम्ही?"

"आहेत काकू, सगळी आहेत. विषयाप्रमाणं लावली."

"मले विषय नाई समजत. मले मामंजीची पुस्तकं दाखवा."

मला दाखवता येईनात. मागून कोणीतरी म्हणालं, असं असेल तर आपापली पुस्तकं घरी न्यावी. चिखलीहून परतलेले काका दारात उभे होते. त्यांनी हात जोडून सगळ्यांकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "आता घरोघर जा बाप्पा. ज्याचं त्याले ओळखू द्या. दुसरा उपाय नाई." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग पंधरा दिवस मी शाळा सुटली की पोत्यात पुस्तकं भरून गाव फिरलो. ओल्या फडक्यानं चिठ्ठी सोडवायची, नाव निघालं तर ठीक, शाई पुसली असेल तर घरच्यांना विचारायचं. लाज वाटत होती. मुलं सोबत येत, पोतं उचलत, आणि लोक आम्हाला चहा देत. ते चहा देणं मला फार लागत असे.

मळ्यातल्या बाईला अक्षर येत नव्हतं, पण तिनं पोत्यात हात घालून आपली अकराच्या अकरा पुस्तकं भराभर बाजूला काढली. सासऱ्याच्या जुन्या पागोट्याचं कापड फाडून त्या पुस्तकांना वेष्टणं तिनंच शिवली होती, नवी सून असताना. मी ओशाळून उठायला लागलो तशी ती म्हणाली, "एक वही राह्यली घरात. ते काई पुस्तक नाई म्हनून देल्ली नाई."

तिनं ती आणली. सासरा दर अमावास्येला मळ्यातल्या विहिरीत गाठी मारलेला दोर सोडायचा आणि पाणी किती हात आहे ते लिहून ठेवायचा. मोटेचं बागाईत, पाणी किती उरलं त्यावर वांगी लावायची की मेथी, ते ठरायचं. म्हातारा जाईपर्यंत एकही अमावास्या चुकलेली नव्हती. पानंच्या पानं. मी उंबऱ्यावर बसूनच वाचत राहिलो. साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मांडीवर पडलं होतं, आणि ते नागपूरच्या कोणत्याही कपाटात नव्हतं.

त्यानंतर आम्ही प्रत्येक घरी विचारायला लागलो, पुस्तक नसलेलं काही आहे का? एका अडत्याकडे पावसाळ्यात कोणती गाडीवाट कधी बंद पडली, त्याची पत्रं निघाली. एका जुन्या पटवाऱ्याच्या घरी नाल्यांचे कच्चे नकाशे निघाले, तेलकट झालेले, पण स्वच्छ काढलेले. लोकांनी ते सगळं वाचनालयात ठेवायला दिलं. अट एकच, कागद वाचनालयाच्या बाहेर जायचा नाही. कप्पे होते तसे घराण्यांच्या नावानं लागले. आणि काकांनी माझ्याकडून एक वेगळी वही करून घेतली: भूगोल पाहिजे असेल तर कोणकोणत्या घरच्या कप्प्यात काय मिळेल, त्याची यादी. ती लिहिताना मी एकदाही चिडलो नाही.

होळी झाली आणि साहेब आले. निबंध त्यांनी वाचनालयातच मागवले, कारण मुळातले कागद तिथं होते. चार वाचले, पसंतीची मान हलवली. पाचवा जानेफळच्या मुलाचा होता, विहिरीच्या पाण्यावर. तो त्यांनी दोनदा वाचला आणि त्याला समोर बोलावलं.

"हात म्हणजे किती? प्रत्येकाचा हात वेगळा असतो. म्हाताऱ्याचा हात किती लांब होता हे कळल्याशिवाय ही वही काय कामाची?"

पाच महिने ती वही मी कुरवाळत होतो आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

"मोजला सर," मुलगा म्हणाला. "दोर अजून त्याइच्या घरी आहे. गाठीपासून गाठीलोक फूटपट्टी लावली. साऱ्या गाठींले. दोर ताणला का थोडा वाढते, ते शेवटच्या पानावर लिवलं."

साहेबांनी निबंधाचं शेवटचं पान उघडलं. मग मला म्हणाले, "ही मूळ वही मी आठ दिवस अमरावतीला नेतो."

मी लगेच मान डोलावली. भूगोल शाळेत टिकत होता. मी अख्खं कपाट बांधून दिलं असतं.

"नेता येत नाई साहेब," मुलगा म्हणाला. मान खाली, पण आवाज स्पष्ट. "बाहेर न्याचं नाई, असं कबूल केलं आपन. इथीच बसून वाचा लागते."

मला वाटलं, संपलं सगळं. मी त्या मुलाला गप्प करायला तोंड उघडलं होतं, आणि आज सांगतो, ते शब्द बाहेर पडले नाहीत याचं मला आयुष्यभर बरं वाटत आलं आहे.

साहेबांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि सतरंजीवर मांडी घातली. "मग कागद आण आणि तू सांग, मी लिहून घेतो," ते मुलाला म्हणाले. मुलगा त्यांच्यासमोर बसला आणि एकेका अमावास्येचं पाणी सांगू लागला. साहेब उतरवून घेत होते. मध्येच थांबून ते खालच्या मानेनंच मला म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षी भूगोलाला मुलं किती घेणार?"

मी मनात मुलं मोजायला लागलो. काकांनीच सांगितलं, "येतीन तेवढी घेतो म्हनतात साहेब."

मुलगा पुढची अमावास्या वाचायला थांबला होता. साहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि म्हणाले, "हं, सांग."