पानमळ्याच्या दारातल्या चपला

माझा काका हरिश्चंद्र होमगार्ड झाला तेव्हा घरात पेढे वाटले होते. मला त्या पेढ्यांचा अजून राग येतो.

साल एकाहत्तर. लढाईच्या धामधुमीत विड्याच्या पानांचा धंदा बसला होता. आमच्या मळ्यातली पानं वेलीवरच पिवळी पडून गळत होती. त्याच सुमारास पाचूबंदरच्या वाटेवरच्या बंद गोदामांत पूर्व बंगालची निर्वासित कुटुंबं आणून ठेवली आणि काकाला फाटकावर उभं केलं. हातात काठी, पायात सरकारी बूट. धंदा बुडाल्याचा सगळा राग तो त्या माणसांवर काढू लागला. पाण्याला दोघं एकदम निघाले तरी काठी आपटायचा. लढाई जणू त्यांनीच बोलावून आणली होती.

नियम कडक होता. कुंपण ओलांडणाऱ्याला घरच्यांपासून तोडून एकट्याला दुसऱ्या छावणीत धाडायचे.

तिथे निताई नावाचा माणूस म्हाताऱ्या आईबरोबर राहत होता. आईनं अन्न सोडलं होतं, फक्त विड्याचं पान मागायची. निताईनं काकापुढे हात जोडून पान मागितलं. घरी पानं कुजत असताना काकानं त्याला शिवी हासडली.

मग एका दुपारी निताई कुंपणाखालून निसटला आणि नेमका आमच्याच मळ्यात शिरला. पाळी संपवून येणाऱ्या काकाला मळ्याच्या दारात छावणीत वाटलेल्या चपला दिसल्या. पानमळ्यात पायताण न्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. निताईही तिकडे बंगालात पानमळाच करायचा, आणि त्यांच्यातही तीच रीत. चपला काखेत मारून आत गेला असता तर वाचला असता. पण ते त्याच्या हातून झालं नाही.

काका बुटांसकट आत धावला, वेली तुडवत गेला आणि त्याला मानगूट धरून बाहेर ओढलं. निताईच्या मुठीत थोडी पानं होती. काकाची थोरली बहीण, माझी जयवंती आत्या, विहिरीवरून धावत आली. पानं द्यायला मीच त्याला बोलावलं होतं असं छावणीत सांग, सोड त्याला, म्हणून तिनं काकाला परोपरीनं विनवलं. काकानं ऐकलं नाही. निताईला त्यानं छावणीत नेऊन उभं केलं, तेव्हा तिथल्या जमादारानं काकाची पाठ थोपटली. संध्याकाळच्या ट्रकमधून निताईला नेलं. म्हातारी फाटकाला लटकली, तेव्हा तिचे हात काकानंच सोडवले.

दुसऱ्या दिवशी आत्या टोपलीभर पानं घेऊन तिच्याकडे गेली. म्हातारीनं पानांना हात लावला नाही.

आत्या परतली तेव्हा काका मळ्याच्या दारात बूट काढायला वाकला होता. ती त्याच्या बाजूनं आत शिरली आणि तिनं आतून कडी घातली.

"त्या परक्यानं पायतान भायेर काडलं," ती म्हणाली. "तू घरचा, नि बुटानं आत शिरलास. आता भायेरच रा."

मळा पुढे आत्यानंच सांभाळला. काकाला जेवणानंतर पान लागायचं. मरेपर्यंत तो त्या दाराबाहेर उभा राहून पान मागत असे. आत्या कुंपणावरून देत असे, शिवी न देता.