खोकण्यास सक्त मनाई

लखनौच्या आमच्या मराठी मंडळात खोकायला मनाई होती, आणि ती मनाई माझी होती. गणपतीत आम्ही दरवर्षी एक नाटक बसवायचो. कुणी बँकेतले, कुणी सैन्यातले, कुणी माझ्यासारखे सरकारी कंपनीतले. महिनाभर घसा फोडून तालमी करायच्या, आणि नेमकं नायिकेने पत्र उघडलं की तिसऱ्या रांगेत कुणाला तरी ढास लागायची. म्हणून पडदा उघडण्याआधी मी माइकवर सांगायचो, "ज्यांना खोकला आहे त्यांनी कृपया बाहेर बसावं." दाराशी खडीसाखर आणि लवंगांची बशी मीच ठेवायचो. ते चघळूनही जो खोकायचा, त्याच्याकडे मी विंगेतून असा बघायचो की तो आपणहून उठून जायचा. माझ्या पाठीमागे लोक काय बोलतात ते मला ठाऊक होतं. मला त्याचा जरा अभिमानही होता.

अशा माणसाच्या उजव्या फुप्फुसात मोसंब्याएवढी गाठ निघाली. नव्वदच्या दशकाचा मध्य होता, माझी पन्नाशी जवळ आली होती. गाठ पाण्याची आहे, कर्करोगाची नाही, हे कळल्यावर मी लगेच पूर्ववत उद्धट झालो. सर्जन म्हणाले की रस्ते दोन आहेत. एक, नेहमीप्रमाणे छाती उघडून. दुसरा, तीन छिद्रं पाडून, आत कॅमेरा घालून. हे दुसरं प्रकरण तेव्हा आमच्याकडे नवंच आलं होतं.

बायको म्हणाली, "अहो, छिद्रांचंच करा की. कमी दुखेल."

"तुला त्यातलं काय कळतंय?" मी म्हटलं. मी बांधकाम अभियंता. भिंतीतली गळती भोकातून डोकावून कधी कुणाला सापडली आहे? मी सर्जनना बाणेदारपणे सांगितलं, "डॉक्टर साहब, खोलकर देखिए."

त्यांनी खोलून पाहिलं. काखेखालून पाठीपर्यंत चीर, दोन बरगड्या फाकवलेल्या आणि कुशीतून निघून पलंगाखालच्या बाटलीत गेलेली एक नळी, एवढा ऐवज घेऊन मी वॉर्डात आलो. श्वास घेतला की दुखायचं. सोडला की दुखायचं. खोकण्याचा नुसता विचार मनात आला तरी डोळ्यांत पाणी यायचं.

शेजारच्या पलंगावर चौक बाजारातले, चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांचे एक व्यापारी होते. त्यांच्या फुप्फुसातून हवा गळत होती, आणि त्यांचं काम तीन छिद्रांतून झालं होतं. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ हातात आपली बाटली धरून वॉर्डभर फिरायला लागला. ते खोकायचे, पण लखनौच्या रीतीने, आधी परवानगी मागून.

"भाईसाहब, इजाज़त हो तो ज़रा खाँस लूँ?"

"शौक़ से," मी दात आवळून म्हणायचो.

मग ते असे खोकायचे की माझ्या उशाशी ठेवलेला चमचा वाजायचा. नंतर माफी मागायचे. मला त्यांची कीव यायची. एवढा खानदानी माणूस, पण खोकल्यावर ताबा नाही. त्यातून त्यांची बाटली सारखी बुडबुडत असायची, म्हणजे आतली हवा अजून गळतच होती. माझी बाटली शांत होती. मी मनातल्या मनात स्वतःला दहापैकी नऊ गुण देऊन टाकले.

श्वासाचे व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट बाई येत. अतिशय अदबशीर. त्यांनी प्लास्टिकची एक डबी दिली, तिच्यात तीन गोळे. नळीतून श्वास ओढून ते वर उचलायचे, आणि दर तासाला खोकून कफ बाहेर काढायचा. मी प्रत्येक वाक्याला "जी" म्हटलं. परक्या बाईसमोर कफ काढायचा म्हणजे काय? त्यांची पाठ वळली की मी डबी उशीमागे ठेवायचो.

तेवढ्यात मंडळाचे डबे सुरू झाले. आमच्यात कुणी आजारी पडलं की बायका आपापसात वार वाटून घेत. माझ्या बाबतीत मात्र त्या जेवण कमी आणि औषधंच जास्त आणू लागल्या. खोकल्याच्या शत्रूला खोकला आला तर किती वाईट दिसेल! बख्शी का तालाबहून हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नी अडुळशाचा काढा घेऊन आल्या. कुणी ज्येष्ठमध आणलं. एकीने चक्क खडीसाखर आणि लवंगा आणल्या, आणि त्या माझ्याच बशीत घालून. बायकोने घरातली खोकला दाबणाऱ्या औषधाची बाटली पर्समधून आणली आणि नर्सची नजर चुकवून मला दिवसातून तीनदा पाजली.

तीन दिवस मी एकदाही खोकलो नाही. भेटायला आलेल्यांना बायको कौतुकाने सांगायची, "काय सहनशक्ती आहे ह्यांची!" मी डोळे मिटून नम्रपणे पडून राहायचो.

चौथ्या दिवशी सकाळी ताप भरला. एक्स-रे निघाला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो खिडकीशी धरला. उजवीकडचा खालचा भाग, जो काळा दिसायला हवा, तो पांढराफटक होता.

"छाती खोलने पर दर्द ज़्यादा होता है," त्या म्हणाल्या. "मरीज़ ऊपर-ऊपर से साँस लेता है, खाँसता नहीं. बलगम नीचे बैठ जाता है, फेफड़ा वहीं सिकुड़ जाता है. फिर निमोनिया."

"और हमारे तीन सुराख़?" शेजाऱ्यांनी उत्सुकतेने विचारलं.

"आपको दर्द कम है, इसलिए खाँस पाते हैं. मगर हवा तो आपकी भी रिस रही है. फेफड़ा आपका भी वही है जनाब, गेंदें आप भी उठाइए." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आपको खाँसी आई ही नहीं?"

"आने ही नहीं दी!" बायको उत्साहाने म्हणाली, आणि तिने काढा, ज्येष्ठमध, बाटली, सगळी यादी वाचून दाखवली.

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "भाभीजी, मोहब्बत में आपने नाली ही बंद कर दी."

बायकोचा चेहरा उतरला. तिने ती बाटली पर्समध्ये खोल ढकलली. दुपारी सर्जन आले आणि हसले नाहीत. उद्या सकाळी पुन्हा एक्स-रे. तोवर फुप्फुस उघडलं नाही तर घशातून नळी आत घालून कफ खेचावा लागेल. त्यानेही भागलं नाही तर श्वासासाठी मशीन. तेव्हा मात्र मी घाबरलो. आयुष्यात इतका मी कधीच घाबरलो नव्हतो, आणि ते लपवायला लागणारा श्वासही माझ्याकडे उरला नव्हता.

मी खोकायचा प्रयत्न केला. घशातून नुसतं "खुक" झालं. आमची पंधरा वर्षांची मुलगी मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. ती रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, प्लीज़, ज़ोर से खाँस दो ना!" संध्याकाळी भेटीच्या वेळेला मंडळ आलं. ज्यांना ज्यांना मी आजवर बाहेर काढलं होतं, ते सगळे पलंगाभोवती उभे राहून मला खोकायला सांगू लागले. दोघांनी करून दाखवलं. काहींच्या चेहऱ्यावरचा आनंद निखळ काळजीचा नव्हता. शेजारच्या पलंगावरचे व्यापारी उठून बसले आणि म्हणाले, "भाईसाहब, हमारी तरफ़ से पूरी इजाज़त है."

मला जमेना. दुखण्याची भीती होतीच, पण इतक्या लोकांसमोर लाजही वाटत होती. शेवटी बायकोने सगळ्यांना घालवलं, पडदा ओढला, आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे उशी माझ्या चिरेवर दाबून धरली.

"तुम्हाला आठवतं?" ती हळूच म्हणाली. "तीन वर्षांमागचं नाटक. मला दम्याची ढास लागली होती. तुम्ही विंगेतून बघितलंत माझ्याकडे."

मला आठवत नव्हतं.

"दोन अंक जिन्यात बसले होते मी. नाटक ऐकू येत होतं नुसतं." तिने उशी आणखी घट्ट धरली. "मला वाटलं होतं, मध्यंतरात तरी याल विचारायला. जाऊ दे. आता खोका. मी नाही उठून जात."

मला रडू फुटलं. रडताना श्वास आत गेला, नेहमीपेक्षा खूप खोल, आणि जो खोकला आला तो पोटातून आला. वाटलं, छाती पुन्हा उघडली. तिने उशी सोडली नाही. मी खोकत राहिलो, ती भांडं धरत राहिली, आणि पडद्यापलीकडून आवाज येत राहिला, "वाह! वाह, भाईसाहब! एक बार और!"

सकाळच्या एक्स-रेत पांढऱ्याखालून काळं डोकावू लागलं होतं. घशातली नळी टळली. मी हपापल्यासारखा गोळे उचलू लागलो. शेजाऱ्यांच्या बाटलीतले बुडबुडेही दोन दिवसांनी थांबले आणि ते माझ्याआधी घरी गेले. जाताना त्यांनी सांगितलं, "खाँसते रहिएगा."

त्या वर्षीच्या गणपतीत मी विंगेत नव्हतो, प्रेक्षकांत बायकोशेजारी बसलो होतो. माइकवरची सूचना कुणी दिली नाही, पण सवयीने सगळे चिडीचूप होते. दुसऱ्या अंकात नायिकेने पत्र उघडलं, आणि बायकोचे खांदे हलायला लागले. तिने पदर तोंडावर दाबला, दुसऱ्या हाताने पर्स उचलली, आणि अर्धवट वाकून उठायला लागली.

मी तिचं मनगट धरलं. मला खोकला आला नव्हता. तरी मी श्वास खोल घेतला आणि पोटातून दणदणीत खोकलो. अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. नायिका पत्र हातात धरून थांबली.

"बस," मी म्हटलं. "आता खोक."