पडद्याकडे पाठ करून

"यांना कुणी सांगितलं नाही का, पडदा मागे आहे म्हणून?"

माझ्या मागच्या रांगेतल्या बाई नवऱ्याच्या कानात कुजबुजल्या. सिनेमा सुरू झाला होता आणि बापटकाका पडद्याखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून आमच्याकडे तोंड करून बसले होते. नवरा म्हणाला, "ते असेच बसतात. तू पहिल्यांदा आलीस म्हणून तुला नवल."

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, टी. टी. नगरमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये काका सिनेमा दाखवायचे. काका मूळचे ग्वाल्हेरचे. सगळी नोकरी तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहून केली आणि निवृत्तीनंतर बाग सेवनियाला फ्लॅट घेतला. आम्ही बाबांच्या बदलीमुळे नाशिकहून इकडे, हिंदी मुलखात आलेले. गेल्या हिवाळ्यात काका गेले. शोकसभेत त्यांना रसिक म्हणाले, अभ्यासू म्हणाले. मला ते तसे आठवत नाहीत. मला आठवतो तो त्यांचा प्रश्न.

सिनेमा संपला की ते कधीच "कसा वाटला?" असं विचारायचे नाहीत. म्हणायचे, "आवडला का, ते राहू द्या. कुठं हसलात, ते सांगा." प्रत्येकानं एक तरी वाक्य बोलायचं, मग चहा. किटली टेबलावर वाफाळत असायची, पण कपाला हात लावायचा नाही. लोक कुरकुरत बोलायचे. कुणी थाप मारली, तर काका लगेच पकडायचे. "नाही हो, तिथं तुम्ही मोबाईल बघत होता. हसलात तुम्ही हवालदार पडला तेव्हा. आवाज न करता हसलात, पण पोट हलत होतं." बाबांना त्यांनी असंच पकडलं होतं. बाबा घरी येईपर्यंत लाजत होते.

एकदा मी धीर करून, पण हळूच, विचारलं होतं की ते पडद्याकडे का बघत नाहीत. "बेटा, सिनेमा मी घरी बघून येतो," ते म्हणाले. "इथं तुम्हाला बघायला येतो. अंधारात माणूस चेहरा सांभाळत नाही."

माझी पाळी आली की मी नुसती मान हलवायची. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी घरात बोलायची सवय, पण चार लोकांसमोर शब्द उशिरा यायचे आणि आले तरी माझे वाटायचे नाहीत. आई कोपरानं ढोसायची. काका म्हणायचे, "वहिनी, जबरदस्ती नाही. तिला फुरसतीनं सांगू दे. हिंदीत सांगितलं तरी चालेल. इसमें क्या है?" आणि मला चहा मिळायचा. न बोलता चहा मिळणारी मी एकटीच.

मागच्या रांगेतल्या बाई पहिल्यांदा आल्या, त्या रविवारचा सिनेमा एका लहान गावातल्या फोटोग्राफरचा होता. गावातला एक म्हातारा मरतो आणि मुलांच्या लक्षात येतं की बापाचा एकही धड फोटो नाही. भिंतीवर लावायचं काय? मग ते बापाला कोट घालून खुर्चीत बसवतात आणि फोटोग्राफरला बोलावतात. मान सारखी एका बाजूला कलते. टाय कुणाचा घालायचा यावरून दोन भाऊ भांडतात. शेवटी सगळं जमतं, फोटोग्राफर कॅमेऱ्याला डोळा लावतो आणि सवयीनं म्हणतो, "जरा हसा."

हॉलमध्ये हशा फुटला. मीही हसले. मग पडद्यावर कुणीच काही बोलेना. कॅमेरा त्या म्हाताऱ्यावर थांबून राहिला, खूप वेळ, आणि हॉलमधलं हसू एकेक करून विझलं. फक्त माझ्या शेजारी सबनीसकाकू हसत राहिल्या. खांदे गदगदत होते, पदर तोंडावर होता, तरी आवाज येतच होता. त्यांचे यजमान त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात गेले होते. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो वहिनी, शोभतं का?" काकूंचं हसणं थांबलं नाही. काकांना हे सगळं समोरून दिसत होतं.

दिवे लागल्यावर काकांनी पहिल्यांदा त्यांनाच विचारलं. "सबनीसवहिनी, कुठं हसलात?"

मला वाटलं, त्या उठून जातील. पण त्या बोलल्या. "आमच्या यांचा पण फोटो नव्हता हो. आधार कार्डावरचा मोठा करून आणला. चष्मा काढायला लावलेला, डोळे विस्फारलेले. कुठल्या तरी ठाण्यात धरून आणल्यासारखे दिसतात. रोज हार घालते आणि रोज वाटतं, हा कोण बाबा? कुणा भलत्यालाच घालतेय." एवढं बोलून त्या पुन्हा हसल्या आणि त्यातच रडायला लागल्या. कुणालाच कळेना, थांबवायचं की नाही. त्यांचा पुतण्या त्यांना धरून बाहेर घेऊन गेला. त्यांची पर्स खुर्चीवर राहिली होती, ती द्यायला मी मागोमाग दारापर्यंत गेले. परत आले तेव्हा चहा कुणी घेतला नव्हता.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक झाली. सेक्रेटरी दाते तापलेच होते. "एका विधवा बाईचा चारचौघांत तमाशा झाला, बापट. लोक इथं करमणुकीला येतात. हसायचं की रडायचं, हेच ज्यात कळत नाही असले सिनेमे हवेत कशाला? सरळ बंद करू या."

कुणीतरी म्हणालं, काकूंनाच विचारू या. पण त्या उज्जैनला लेकीकडे गेल्या होत्या. "त्यांना फोन करून पुन्हा तेच उकरायचं?" काका म्हणाले. "नको. ते पाप माझ्याकडून नको." या वेळी त्यांनी खुर्ची आमच्यासारखीच, पडद्याच्या भिंतीकडे तोंड करून घेतली होती. चेहरा दिसत नव्हता. "दाते बरोबर बोलतायत. मी चेहरे बघतो, मला कळतं, असा माझा समज होता. त्या दिवशी विचारायला नको होतं. दुखावलं मी त्यांना. मंडळाचा प्रोजेक्टर उद्या आणून देतो."

दातेंनी विचारलं, "कुणाचं काही म्हणणं?"

पंखा फिरत होता. बाबा नखं बघत होते. काकूंना आपण दुखावलं, असं ठाम धरून काका घरी जाणार होते आणि ते खरं नव्हतं, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. मी उभी राहिले तेव्हा आईनं चमकून वर बघितलं. काय बोलायचं ते आधी इंग्रजीत आलं, मग हिंदीत. मी तशीच उभी राहिले. काका खुर्चीतल्या खुर्चीत पूर्ण मागे वळले आणि माझ्याकडे बघत थांबले, नेहमीसारखे, घाई न करता.

मी म्हणाले, "मी पर्स द्यायला गेले होते ना, तेव्हा काकूंनी डोळे पुसले आणि मला विचारलं, पुढचा सिनेमा कधी आहे?"