बेलापूर स्टेशनात घेतलेलं नाव

आज पिकल्या पेरूंचा वास आला आणि बेलापूर स्टेशन आठवलं. नवीन लग्न झालेलं, आम्ही दोघं पॅसेंजरनं नगरला निघालो होतो. आमचे हे तांब्या घेऊन फलाटावरच्या नळाला उतरले आणि शिट्टी झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून मी खिडकीतून ओरडले, "अवं! अवं!" फलाटावरचे सगळे बापे वळले, हे सोडून. गाडी हलली, तशी मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "दत्तूऽऽ!"

हे धावत चढले. डब्यातली पेरूवाली म्हातारी हसली, "बायकू लई धीट हाय रं तुजी!"

मी पदरात तोंड लपवलं. हे हळूच म्हणाले, "आनखी एकदा घे की."

घेतलं नाही. पुढं चाळीस वर्षं नाहीच. आता हे नाहीत. घरात कुणी नसलं की घेते.