उधारी बंद

तंबाखूत चुना मळल्याचा वास आला की मनवेलपाड्यातली आमची खोली आठवते. धाकट्या भावाच्या जिमच्या बॅगेत स्टेरॉइडची इंजेक्शनं सापडली, तेव्हा मी तंबाखू मळता मळताच ओरडलो, "लिव्हर जाईल तुझं." तो आरशात दंड न्याहाळत म्हणाला, "आणि दादा, तुझ्या तळहातावर काय, प्रोटीन आहे? तू तंबाखू सोड, मी सुई सोडतो." केळीबाजारात घासाघीस करूनच मी वर आलेला. म्हटलं, "तू आज सोड, मी दिवाळीनंतर." "उधारी बंद," तो म्हणाला. मी रागाने पुडी मोरीत ओतली, त्याने तिथेच एकेक कुपी फोडली. ज्याला मी सौदा शिकवला त्यानेच मला हरवलं, हा सल अजून जात नाही. पण आजही चहाआधी तो म्हणतो, "आ कर," आणि मी म्हणतो, "आधी खांदा दाखव."