स्वाराचा उजवा घोटा

आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्याला सगळे ‘स्वार’ म्हणतात. रागावली की बायकोसुद्धा म्हणते. छत रंगवायची जी दुपाखी, घडीची शिडी असते ना, तिला रंगारी लोक घोडी म्हणतात. इतर रंगारी हात पोचेल तेवढं रंगवतात, खाली उतरतात, घोडी सरकवतात आणि पुन्हा चढतात. स्वार उतरतच नाही. दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून वर उभा राहतो आणि कंबरेला हिसका देत घोडीलाच चालवतो. खट, खट, खट. हातात ब्रश, दांडीला डबा आणि तोंडात शेजारच्या घरातली भानगड. माझ्या बैठकीच्या खोलीचं छत त्याने असंच केलं. तेवढ्यात गल्लीतल्या निम्म्या घरांची खबर मला मिळाली. माझ्या घराची किती जणांना मिळाली, ते विचारायची मला हिंमत नाही.

या माणसाचा घोटा गेला. शिडीवरून पडला असता तर काही इज्जत तरी राहिली असती! हा पडला स्वतःच्या दाराच्या पायरीवरून, हातात दुधाची पिशवी घेऊन. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाला हाड धरून ठेवणारी पट्टी असते, लिगामेंट म्हणतात ती, ती फाटली. मग पट्टा बांधला, व्यायाम केले, पायाच्या बोटांनी टॉवेल ओढत बसला. सूज उतरली, दुखायचंही थांबलं. पण घोटा चालता चालता मध्येच दगा द्यायचा.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, “जमिनीवर चालायला हा घोटा पुरेल. शिडीवर चढायचं असेल तर ऑपरेशनचा विचार करा. मात्र नंतर घोटा थोडा आखडू शकतो. अगदी पहिल्यासारखा होईल, असा शब्द मी देत नाही.”

“भूल देणार?”

“पाठीत इंजेक्शन. कंबरेखालचं तेवढा वेळ काही कळणार नाही.”

स्वार पुढचं न ऐकताच उठला. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, “ऑपरेशनची गरज नाही म्हणाल्या.”

“गरज नाही म्हणाल्या, की तुम्ही विचारलंच नाही?”

“म्हणाल्या ना!”

त्या दिवसापासून गडी भेदरला. बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढून बघायचा, कळतंय ना म्हणून. त्यात सल्ले देणाऱ्यांना ऊत आला. थोरली मेहुणी खास भेटायला आली आणि तिच्या ओळखीतला कोणी टेबलावर मध्येच कसा जागा झाला, ते चहा गार होईपर्यंत सांगून गेली. न्हावी त्याची दाढी करता करता म्हणाला, “आमच्या साडूचं झालं की ऑपरेशन. छान झालं. आता त्या घोट्याने खिळे ठोकता येतात.”

आम्ही हसलो. स्वार हसला नाही. अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून म्हणाला, “वर उभं असताना मला घोडी दिसत नाही हो. खाली बघितलं तर तोलच जाईल. तिचा कुठला पाय टेकला, कुठला अधांतरी आहे, ते मला घोट्यात कळतं. तो आखडला तर मी आंधळाच झालो की!”

न्हाव्याने वस्तरा उचलला आणि उरलेली दाढी उरकली.

पुढचं मला त्याच्या बायकोने सांगितलं, आणि कुणाला सांगू नका असंही बजावलं. पण आता सांगायला सुरुवात केलीच आहे.

रंगाऱ्याच्या स्वतःच्या घरी रंग कधी नसतोच. एक दिवस ती भाजी घेऊन आली, तर स्वारीने खोलीच्या मधोमध घोडी लावलेली आणि स्वतः वर. “हे बघ,” म्हणाला, “काही झालेलं नाही मला.” खट, खट. खिडकीपर्यंत गेला. चेहरा खुलला. तिसऱ्या हिसक्याला उजवा घोटा आत वळला. घोडी एका बाजूने उचलली गेली, डबा उलटला. बायकोने पिशवी टाकली आणि दोन्ही हातांनी घोडी धरून खांदा लावला.

“उतरा!”

“पाय टेकवत नाही गं!”

“मग उडी मारा!”

“कुठे? तुझ्या डोक्यावर?”

त्याने खाली पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खाली तिचा भांग होता, पांढऱ्या रंगाने माखलेला. बरोबर त्याच्या पायाखाली.

“घोडी हलवू नकोस,” तो कसाबसा म्हणाला.

“मी नाही हलवत. तुमचे पाय लटपटतायत.” मग घोडी तशीच दाबून धरत तिने विचारलं, “डॉक्टर खरंच काय म्हणाल्या?”

असं वर अडकवून विचारल्यावर माणूस काय लपवणार? त्याने सगळं सांगितलं. इंजेक्शन, आखडणं, सगळं. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, “पाय माझे राहायचे नाहीत गं.”

“आत्ता कुणाचे आहेत?” ती म्हणाली. “मीच धरलेत ना!”

मग वरून आवाज आला, “फोन कर डॉक्टरांना. करायचं म्हणावं.”

“कुठल्या हाताने करू?”

शेवटी तिने खिडकीतून हाका मारल्या. शेजारच्या शिंप्याने येऊन त्याला पोत्यासारखा खाली घेतला.

आता आतली बातमी. ऑपरेशनला जी सिस्टर होती, तिची आई माझ्या बायकोची मैत्रीण, म्हणून कळलं. आत नेताना स्वाराचे दात वाजत होते. तरीही सही करताना त्याचा हात थांबला नाही, असं ती म्हणाली. इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने छातीपुढे लावलेल्या पडद्याच्या अलीकडून त्याने हळूच विचारलं, “सिस्टर, पाय आहेत ना माझे?”

“आहेत.”

“कोणी धरलेत का?”

सिस्टर दुसऱ्याच कामात होती. तिने ते सोडलं, पडद्यापलीकडे गेली आणि त्याच्या डाव्या पायावर हात ठेवला.

“धरलेत,” ती म्हणाली. “आता गप्प पडा.”