रांगेतली झील

गाणं समाजाला जागं करतं. हे वाक्य मी स्वतः माइकवरून म्हटलेलं आहे. समोर बसलेला समाज तेव्हा टँकरच्या वाटेकडं डोळे लावून आधीच टक्क जागा होता.

प्रसंग सहकारी दूध संस्थेच्या इमारतीच्या उद्घाटनाचा. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. गावातली जनावरं चारा छावणीत होती. संस्थेकडं इमारत होती, कॅन होते, चेअरमन होते. दूध तेवढं नव्हतं. सास्तूरकडच्या त्या गावात मी मास्तर होतो आणि वाचनाचा नाद असल्याची शिक्षा म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडं असायचं. मंत्री येणार नाहीत असं कळल्यावर चेअरमननी कार्यक्रमात कला घालायचं ठरवलं.

कला योगायोगानं गावातच होती. बौद्धवाड्यात एक म्हातारे शाहीर राहायचे. धर्मांतराच्या आधीपासून त्यांचा आंबेडकरी जलसा जिल्ह्यात माकणीपासून वाशीपर्यंत फिरलेला. त्यांची मुलगी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात जॅझ गायची. ती गावी आली होती आणि सोबत एक सॅक्सोफोनवाला आणला होता. गावानं ते वाद्य लग्नाच्या बँडमध्येच पाहिलेलं, त्यामुळं दोन दिवस एकच चौकशी चालली होती : "बँडवाला एकलाच आलाय व्हय? बाकीचे कुठं ऱ्हायले?"

तिला वडिलांची जुनी गाणी गायची होती, पण आपल्या चालीनं. मी विचारायला गेलो तेव्हा बापलेकीचं त्यावरच जुंपलं होतं.

"तुज्या हाटेलात गाणी कमी पडली का?" शाहीर म्हणाले.

"तिथं मी दुसऱ्यांची दुःखं गाते, आबा. जेवणाऱ्यांपुढं."

"मग तीच गा. माजी गाणी उभ्यानं गायची हाईत. तू त्यांना निजवतीस."

"निजवत नाही. जरा थांबवते."

शाहिरांनी माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तुम्ही साक्षीला ऱ्हावा. मागनं झील आली न्हाय तर ते गाणं न्हाय, एकट्याचं रडणं हाय. माजा झीलकरी अजून जिता हाय. उद्या त्यानं हिच्यामागं झील धरली, तर गाणी हिची. न्हाय धरली, तर पुन्हा त्यांना तोंड लावायचं न्हाय. आन् त्याला आधी कुणी काय सांगायचं न्हाय."

"कबूल," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मलाच घाम फुटला.

जलशातली झील म्हणजे साधी गोष्ट. गाणाऱ्यानं ध्रुपदाचा शेवटचा शब्द वर फेकायचा आणि झीलकऱ्यानं तो खाली पडायच्या आत 'जी जी' करत उचलायचा. त्यांचा तो शेवटचा झीलकरी आता दुष्काळी कामावर खडी फोडत होता. बायको वारलेली, पोरं पुण्याकडं. पाणी त्याचं त्यालाच भरावं लागायचं.

उद्घाटनाला गर्दी जमावी म्हणून चेअरमननी टँकर कार्यक्रमाच्या जागीच बोलावला होता. मंडपाच्या एका अंगाला पाहुण्यांच्या खुर्च्या, दुसऱ्या अंगाला हंड्या-घागरींची रांग. भाषणांच्या वेळी लोकांचं लक्ष रांगेकडं होतं. चेअरमन म्हणाले, "सहकार ही नदी आहे," तेव्हा एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "किती वाजता येतीया?"

मग ती उभी राहिली. साधं लुगडं, हातात काही नाही. गाणं आडाचं होतं. आडाला विचारलेले प्रश्न : तू कुणाचा, तुझं पाणी कुणाचं, पोहरा बाटतो तर दोर का बाटत नाही. शाहीर हे गाणं ललकारत गायचे. ऐकणाऱ्याला दगड उचलावासा वाटायचा. तिनं ते इतकं संथ घेतलं की प्रश्न खरोखरच विचारल्यासारखे वाटू लागले. सॅक्सोफोन मागं कण्हत होता. ध्रुपदाचा शेवटचा शब्द तिनं फेकला नाही. नुसता सोडून दिला आणि थांबली.

झीलकरी स्टेजला टेकून बसला होता. त्याचा हात कानावर गेला, तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द वर गेलाच नव्हता. तो उचलणार काय? शाहिरांनी पापणी हलवली नाही.

दुसरा अंतरा. पुन्हा तसंच. आता मंडपात कुजबुज सुरू झाली. "इसरली जनू," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात टँकर आला. ड्रायव्हरला दिवस मावळायच्या आत आणखी एक गाव उरकायचं होतं. त्यानं कार्यक्रमाची वाट न पाहता नळी सोडली. निम्मा मंडप उठला. झीलकऱ्यानं शाहिरांकडं पाहिलं, आपल्या घागरीकडं पाहिलं, आणि गेला. संपलं, असं मला वाटलं. सॅक्सोफोनवाल्यानं वाद्य खाली घेतलं. तिनं मात्र मान हलवून त्याला वाजवायला लावलं आणि तिसरा अंतरा धरला.

रांग आपल्या गतीनं चालली होती. एक हंडा भरायचा, सगळ्यांनी पायानं आपापलं भांडं पुढं सरकवायचं, थांबायचं. पुन्हा सरकवायचं, थांबायचं. ध्रुपद आलं. तिनं शब्द सोडला. मंडप गप्प. रांगेनं भांडी सरकवली आणि थांबली.

आणि टँकरच्या बाजूनं, घोगऱ्या पण खणखणीत आवाजात, झील आली. जी जी रं जी. तीही संथ. तिनं थांबायचं जिथं ठरवलं होतं, बरोबर तिथं.

तिनं वळून पाहिलं नाही. पुढचं ध्रुपद सोडलं. झील पुन्हा आली. मग पुन्हा. गाणं संपेपर्यंत चुकली नाही.

गाणं संपल्यावर ती खाली उतरून वडिलांसमोर उभी राहिली.

"रांगेतनं धरली," शाहीर म्हणाले.

"धरली ना?"

"व्हय. धरली."

आभाराच्या भाषणात चेअरमननी दोन पिढ्यांच्या सुरांचा संगम वगैरे सांगितलं. गाताना डोळे मिटायची झीलकऱ्याला जलशापासूनची सवय होती. रांगेत झील धरताना ते मिटले, तेवढ्यात मागच्या बायांनी आपापले हंडे त्याच्या घागरीपुढं सरकवले, आणि त्याचा नंबर आला तेव्हा टँकर संपला होता.